निवृत्तीनंतर सुतारकाम आणि फोटोग्राफी: मशिन नंतर, आधी एक फ्रेम

प्रश्न थोडक्यात असा: वय ६१, बँकेतली नोकरी नुकतीच संपली, पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, चार बाय आठ फुटांची बाल्कनी मोकळी. फोटोंची आवड जुनी, पण आजवर मोबाइलवरच भागलं. सुतारकाम शिकायचंय, मात्र रंधा कधी हातात धरलेला नाही. हाती आलेल्या पैशांतून टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत), राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशिन) आणि चांगला कॅमेरा घ्यावा का? दोन्ही छंद एकदम झेपतील का?

झेपतील. पण यादीतलं काहीच आत्ता घेऊ नका. आधी स्वतः काढलेल्या एका फोटोसाठी हाताच्या हत्यारांनी एक लाकडी फ्रेम बनवा. मोजणं, कापणं, रंधणं, जोडणं, पॉलिश हे सगळं एवढ्याशा फ्रेममध्ये येतं आणि चूक झाली तर सात-आठ फूट पट्टीच वाया जाते. शिवाय भिंतीवर लावायचा म्हटल्यावर आपल्याच फोटोकडे आपण जास्त कठोरपणे पाहतो. मोबाइलमधल्या हजारो फोटोंतून एक निवडणं हेही शिक्षणच आहे.

जागेपासून सुरुवात करू. बाल्कनी पुरते. टेबलाची उंची महत्त्वाची: सरळ उभं राहून हात खाली सोडले की मनगट जिथे येतं, तिथे टेबलाचा वरचा भाग हवा. बहुतेकांना ८० ते ८५ सेंटिमीटर जमतं. जेवणाचं टेबल ७५च्या आसपास असतं; त्यावर वाकून तासभर रंधा मारला की कंबर दोन दिवस बोलते. टेबल हलकं असेल तर ते भिंतीला टेकवा किंवा खालच्या फळीवर वजन ठेवा, कारण रंधा मारताना टेबल सरकलं तर पातं चावत नाही. दिवे दोन, डावीकडून आणि उजवीकडून. डोक्यावरच्या एकाच दिव्यात स्वतःच्या हाताची सावली नेमकी रेघेवर पडते.

चष्म्याबद्दल कुणी सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं फक्त खालच्या भागातून दिसतं, आणि कडेने पाहिलं तर सरळ रेघ किंचित वाकडी भासते. आखणी आणि कापण्यासाठी साधा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. नंबर काढताना दुकानदाराला अंतर सांगा: पुस्तकाचं नव्हे, टेबलाचं, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर.

हत्यारं मोजकीच लागतात. एक बारीक दातांची, वर पोलादी पट्टी असलेली करवत. चार नंबरचा लोखंडी रंधा. ६, १२ आणि २५ मिमीच्या तीन पटाश्या (लाकूड छिलायच्या छिन्न्या). गुण्या (काटकोन तपासायचा), पोलादी पट्टी, धारदार चाकू (पेन्सिलीची रेघ अर्धा मिमी जाड असते, चाकूची नसते), मायटर बॉक्स (करवत तिरकी चालवायला ४५ अंशांच्या खाचा असलेला साचा), लाकूड घट्ट धरायला टेबलाला लावायचा छोटा वाइस आणि चार क्लॅम्प. बारा-पंधरा हजारांत हे सगळं बसतं. खांदा दुखरा असेल तर जपानी पद्धतीची करवत बघा. ती ढकलताना नव्हे, ओढताना कापते, पातं पातळ असतं आणि जोर कमी लागतो. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवीच्या गल्ल्यांमध्ये ही दुकानं ओळीने आहेत. हत्यार हातात घेऊन बघता येतं म्हणून ऑनलाइनपेक्षा तिथे जा. रंध्याचं बूड पोलादी पट्टी लावून उजेडात तपासा; मध्ये पोकळ किंवा वर आलेलं असेल तर घेऊ नका.

आता धार. नवशिके इथेच हार मानतात, आणि दोष लाकडाला किंवा वयाला देतात. दुकानातून आलेली पटाशी धारदार नसते, तिला फक्त आकार दिलेला असतो. काचवाल्याकडून ८ किंवा १० मिमी जाडीची, साधारण ३०० बाय १५० मिमीची काच कडा घासून आणा. तिच्यावर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) पाण्याने चिकटवा: २२०, ४००, ८००, १५०० आणि २००० नंबर. आधी पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, टोकाकडचा २०-२५ मिमी भाग आरशासारखा होईपर्यंत या क्रमाने घासा. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं, पण त्याला अर्धा तास लागतो आणि सगळे तेच टाळतात. पाठ खडबडीत असेल तर पुढून कितीही घासा, धार येत नाही, कारण धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभाग जिथे भेटतात ती कड.

मग उतार. पटाशी २५ अंशांत घासलेली येते. टोकाला ३० अंशांचा बारीक दुसरा उतार द्यायचा. हाताने कोन धरायच्या फंदात पडू नका, चाकावर चालणारा धारेचा गाइड घ्या. बाजूंनी आवळायच्या नेहमीच्या गाइडमध्ये पटाशी ३० मिमी बाहेर काढली की ३० अंश मिळतात. रंध्याचं पातं त्याच गाइडमध्ये वरच्या जबड्यात बसतं, म्हणून त्याला ३८ मिमी. हे अंतर मोजायला लाकडाचा एक ठोकळा कायमचा करून ठेवा. कागदावर पातं फक्त स्वतःकडे ओढा. पुढे ढकललं तर कागद फाटतो. पाठीवरून बोट फिरवल्यावर कडेला बारीक खरखर लागली, म्हणजे धातूचा काठ पलीकडे वळला, की पुढचा नंबर घ्या. खरखर लागत नसेल तर पुढच्या कागदावर जाऊन उपयोग नाही. शेवटी पाठ २००० नंबरवर दोनदा ओढून तो काठ काढून टाका. परीक्षा सोपी: पाइनच्या तुकड्याचं टोक, जिथे रेषा आडव्या कापलेल्या दिसतात, तिथून पातळ साल काढा. साल अखंड निघाली आणि मागे चकचकीत पृष्ठभाग राहिला तर धार झाली. भुगा पडला तर नाही. सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे सागावर धार लवकर बोथट होते. अर्ध्या तासाच्या कामानंतर पातं पुन्हा २००० नंबरवर आणावं लागतं. कंटाळू नका, हे दोन मिनिटांचं काम आहे.

लाकूड कुठलं? सरावासाठी पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन, स्वस्त आणि मऊ. खऱ्या फ्रेमसाठी साग, आणि शक्यतो जुना. वाडे पाडल्यावर निघालेली तुळई, चौकटी जुन्या लाकडाच्या वखारींत मिळतात. ते लाकूड कित्येक दशकं वाळलेलं असतं, म्हणून वाकत नाही. अडचण खिळ्यांची. वरून दिसत नाहीत आणि रंध्याच्या पात्याला दात पाडतात; घेण्याआधी सगळ्या बाजूंनी चुंबक फिरवा. जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

वखारीत हिशेब घनफुटात होतो. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार भागिले १४४. आपल्याला दीड इंच रुंद, सव्वा इंच जाड, ८ फूट लांब एक पट्टी हवी: १५ भागिले १४४, म्हणजे सुमारे ०.१ घनफूट. ती जाडीत चिरून, मशिनवर रंधून दोन पट्ट्या करून मागा: एक ३० मिमी रुंद, ८ मिमी जाड, दुसरी २४ मिमी रुंद, १२ मिमी जाड. एवढं एक काम मशिनवाल्याकडून करून घेण्यात कमीपणा काही नाही.

दोन पट्ट्या का, तर काच बसायला फ्रेमच्या आत खाच लागते आणि ती एका लाकडात पाडायला राउटर किंवा खाचेचा वेगळा रंधा लागतो. दोन्ही पट्ट्या बाहेरची कड जुळवून एकमेकींवर चिकटवल्या की आतल्या बाजूला ६ मिमी रुंद, १२ मिमी खोल खाच आपोआप तयार होते. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं थिनरच्या फडक्याने पुसा आणि वाळल्यावर लगेच फेविकॉल लावा. खाचेत बाहेर आलेला डिंक अर्धवट वाळला, चिवट झाला, की पटाशीने काढा. ओला पुसलात तर रेषांमध्ये शिरतो आणि पॉलिशनंतर फिकट डाग दिसतात.

आता मापं. फोटो १२ बाय १८ इंच धरू, लॅबमध्ये सहज मिळणारा आकार. चारही बाजूंना दोन इंच माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) सोडला की काच १६ बाय २२ इंच, म्हणजे ४०६ बाय ५५९ मिमी. काच खाचेत घट्ट बसवायची नाही, ३ मिमी मोकळीक ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात काच अडकते किंवा कोपरा उघडतो. पट्टी ३० मिमी, खाच ६ मिमी, म्हणजे काचेच्या बाहेर दोन्ही बाजूंना २४ मिमी लाकूड. बाहेरून बाहेरपर्यंत लांबी: ४०६ + ३ + ४८ = ४५७ आणि ५५९ + ३ + ४८ = ६१०. प्रत्येकी दोन तुकडे. एकूण २१३४ मिमी, साधारण ७ फूट. आठवा फूट करवतीचा आणि चुकांचा.

मायटर बॉक्समध्ये प्रत्येक तुकडा मापापेक्षा १ मिमी लांब कापा. बॉक्सच्या खाचा सैल असतात, त्यामुळे काप नेमका ४५ अंशांत येतच नाही. एका कापात अर्ध्या अंशाची चूक डोळ्याला दिसत नाही, पण फ्रेममध्ये काप आठ. तीन कोपरे छान मिटतात आणि चौथ्यात चार अंशांची फट उघडते. लोक ती लाकडाचा भुसा आणि डिंक घालून बुजवतात. त्यापेक्षा शूटिंग बोर्ड करा. १२ मिमी प्लायवुडचा ४५० बाय ३०० मिमीचा तुकडा, त्यावर एक कड धरून ४५० बाय २०० मिमीचा दुसरा. खाली उरलेल्या १०० मिमीच्या पायरीवर रंधा आडवा झोपवून चालतो. वरच्या तुकड्यावर मध्यभागी ४५ अंशांत दोन पट्ट्या, उलट-सुलट दिशांना. फ्रेमचा तुकडा पट्टीला टेकवून धरायचा आणि आडव्या रंध्याने टोकावरून कागदाइतकी पातळ साल काढत जायचं.

तपासणी अशी: दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना लावा आणि आतून गुण्या धरा. आतल्या टोकाला फट दिसत असेल किंवा बाहेरच्या, त्याप्रमाणे पट्टीच्या मागे कागदाची एक घडी सरकवा. एकदा बोर्ड जुळला की पुढच्या सगळ्या फ्रेम जुळतात.

कोनाइतकीच लांबीही महत्त्वाची. समोरासमोरचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून उभे धरा आणि टोकांवरून नख फिरवा. नख अडलं तर लांबीत फरक आहे. लांब असलेला शूटिंग बोर्डवर एक-दोन सालींनी कमी करा. कोन बरोबर आणि लांबी चुकीची असली तरी फट पडतेच, आणि मग माणूस उगाच कोनाशी भांडत बसतो.

चिकटवताना लक्षात ठेवा की कापलेलं टोक डिंक पिऊन टाकतं. आधी पातळ हात द्या, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा हात. चारही कोपऱ्यांवर प्लायवुडचे छोटे कोन ठेवून भोवती नायलॉनची दोरी दोनदा गुंडाळा आणि मधे काडी घालून पीळ द्या. दोन्ही कर्ण मोजा. एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांवर हलका दाब देऊन सारखे करा. पहिल्या दहा मिनिटांतच हे करता येतं. मग उद्यापर्यंत हात लावू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आणखी एक दिवस. फक्त डिंकावरचा असा कोपरा जड काच घेऊन वर्षानुवर्षं टिकत नाही. कोपरा पक्का झाल्यावर त्यावर करवतीने आडवी खाच पाडा, तिच्यात नेमकी बसेल अशी पातळ लाकडी पट्टी डिंक लावून सरकवा आणि बाहेरचं टोक छाटा. शिसवीची पट्टी वापरली तर ती गडद रेघ शोभूनही दिसते.

पॉलिशसाठी चपडा लाख आणि स्पिरिट. अर्ध्या लिटरला ६० ते ७० ग्रॅम लाख, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून. सुती कापडाच्या बोळ्याने पातळ हात, मध्ये तासाभराची विश्रांती, सहा-सात हात. पावसाळी हवेत लाखेवर पांढरट ढग येतो, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ तिथे अडकते. कोरड्या दुपारी काम करा. स्वयंपाकघराच्या जवळ नको, स्पिरिट पेटतं. लाखेऐवजी उकळलेलं जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नका. ते वाळताना स्वतःच तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून किंवा पसरून सुकवूनच टाका.

फोटोचा हिशेबही इथेच लागतो. १२ बाय १८ इंचांना इंचामागे ३०० बिंदू धरले तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. पण भिंतीवरचा फोटो दीड-दोन मीटरवरून पाहतात, २०० बिंदू पुरतात. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० चा असतो. ३:२ आकारात कापला की १८ इंचांवर इंचामागे २२२ बिंदू येतात. म्हणजे मोबाइल पुरेसा आहे. पुरेसा नसतो तो व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलेला फोटो: साध्या दर्जात त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते आणि बिंदू ९०वर घसरतात. मूळ फाइल केबलने काढा. आणि छापील फोटो स्क्रीनपेक्षा नेहमी काळपट येतो, कारण स्क्रीन स्वतः उजळते, कागद नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून मगच फोटो तपासा. बारा बाय अठराला पैसे घालण्याआधी चार बाय सहाची एक प्रत काढून त्याच भिंतीपाशी, संध्याकाळच्या दिव्यात बघा.

कॅमेरा कधी घ्यावा? मोबाइल जिथे खरोखर हात टेकतो तिथे. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलात तर मोबाइलमध्ये गुलाबी ठिपके येतील. मात्र मोठ्या झूमच्या लेन्स कॅमेऱ्यासकट दोन किलोच्या पुढे जातात, आणि ते वजन पहिल्या तासाला जाणवत नाही, तिसऱ्याला जाणवतं. दुकानात कॅमेरा दहा मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुने कॅमेरेही मिळतात. जुन्या लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत द्या.

कॅमेरा घेतल्यावर पहिलं काम म्हणजे व्ह्यूफाइंडरजवळचं (डोळा लावायच्या खिडकीजवळचं) डायॉप्टरचं, म्हणजे ती खिडकी आपल्या नजरेला जुळवायचं, छोटं चाक फिरवणं. बरेच जण ते वर्षभर शोधत नाहीत आणि फोकस बिघडला म्हणून कॅमेरा दुरुस्तीला नेतात. चाक फिरवताना समोरचं दृश्य पाहू नका, व्ह्यूफाइंडरमधले आकडे बघा. ते स्वच्छ दिसले की थांबा. हात थरथरत असेल तर शटरचा वेग लेन्सच्या मिमीच्या दुपटीने ठेवा: ५० मिमीला १/१००, २०० मिमीला १/४००. आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर रंगांचे बारीक बदल त्यानंतरच करा. पिकलेल्या मोतीबिंदूतून जग पिवळट दिसतं.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवणं म्हणजे बुरशीला निमंत्रण. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवून परत वापरा. डब्यात ४० टक्क्यांहून कोरडंही नको, रबरी भाग तडकतात.

फोटो बसवताना माउंटची खिडकी फोटोपेक्षा लांबी-रुंदीत ६ मिमी लहान कापा, म्हणजे चारही बाजूंना ३ मिमी कड झाकते. फोटो मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेने, आम्लविरहित कागदी टेपच्या दोन तुकड्यांनी लटकवा. चारही बाजू चिकटवल्या तर दमट हवेत कागद फुगतो आणि मधे लाटा येतात. सेलोटेप नको, पिवळी पडून कागदात उतरते. माउंटमुळे फोटो आणि काच यांत अंतर राहतं ते फक्त दिसण्यासाठी नाही: फोटोचा थर ओलाव्याने काचेला चिकटला की पुन्हा सुटत नाही. थर असे येतात: काच २ मिमी, माउंट दीड, मागचा पुठ्ठा दीड, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) ३, एकूण ८. बारा मिमीच्या खाचेत उरलेल्या चारमध्ये बारीक चुका (छोटे खिळे) आडव्या ठोका, आणि मागची फट कागदी टेपने बंद करा, नाहीतर बारीक किडे आत शिरतात.

टेबल सॉ आणि राउटरबद्दल: पाच-सहा फ्रेम झाल्यावर विचारा. तोवर बहुधा कळेल की अडतं ते पट्ट्या चिरण्यात, आणि ते वखारीत होतं. मशिनचा आवाज सोसायटीत दुपारी चालणार नाही हे वेगळंच. एक गोष्ट मात्र कधीही नको: धातू घासायच्या हातातल्या ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणं. कामावरचे सुतार सर्रास करतात. ग्राइंडरचा वेग त्या पात्यासाठी नसतो, पातं अडलं की मशिन उलट उसळतं आणि बोटं आधी जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना छंदाबद्दल सांगून ठेवा, आणि दाबपट्टी बाल्कनीतच ठेवा, बेडरूमच्या कपाटात नको. सागाची धूळ त्वचेला खाजवते आणि दम्याच्या लोकांना त्रास देते. वॉटर पेपर मारताना एन-९५ मास्क लावा, कापडी रुमाल पुरत नाही. रंध्याच्या ढलप्या निरुपद्रवी असतात, मुख्य त्रास घासण्याच्या पिठासारख्या धुळीचा.

फ्रेम टांगताना कड्या वरून एक-तृतीयांश अंतरावर लावा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून ३ मिमीचे रबरी गोल चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल. पश्चिमेची बाहेरची भिंत, जिच्यावर पाऊस झोडपतो, ती सोडून द्या. आतल्या भिंतीवर ६ मिमीचा ड्रिल, प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू. एवढ्या काचेचं एकटीचं वजनच १.१ किलोच्या आसपास असतं, खिळ्यावर भरवसा नको.